‘पुरे’ कोणी म्हणायचे?

२०२४ सालच्या वैशाखात एका लग्नाच्या निमित्ताने माझे पंढरपूरला जाणे झाले. आम्हा वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींपैकी त्या गावी मुद्दाम जाणारे फार थोडे. मीही एरवी गेलो नसतो. परंतु ज्या सहकाऱ्याबरोबर एकाच शाळेच्या शिक्षकखोलीत अठ्ठावीस वर्षे डबा उघडला, त्याच्या धाकट्या मुलीचे कार्य होते. नाही म्हणण्याची सोय नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तापण्याच्या आत, मी महाद्वार घाटाच्या पायऱ्या उतरून चंद्रभागेच्या वाळवंटात गेलो.

भीमा नदीलाच पंढरपुरात चंद्रभागा म्हणतात; गावाजवळ ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून. मोठ्या पुरात जे पाण्याखाली जाते ते पुंडलिकाचे मंदिर पात्रातच उभे आहे. त्या सकाळी मी तेथपर्यंत चपला न भिजवता चालत गेलो. खोलगट जागी हिरवट पाणी साचलेले होते, त्यात निर्माल्य आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. होड्या वाळूत कलंडून पडल्या होत्या आणि एका होडीच्या सावलीत तिचा मालक विडी ओढीत बसला होता. काहीतरी बोलावे म्हणून मी विचारले, “काका, नदी आता केव्हा येईल?”

“नदी येत न्हाई आता,” तो शांतपणे म्हणाला. “पाणी सुटतं. आषाढीला सुटंल, मग बघा.”

येणे आणि सुटणे. या दोन क्रियापदांच्या फरकाने त्या दिवसापासून माझी पाठ सोडलेली नाही. जी येते ती नदी कोणाच्या मालकीची नसते. जे सुटते ते पाणी कोणीतरी अडवून ठेवलेले असते, आणि अडवणाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. आषाढी-कार्तिकीच्या आधी तसा अर्ज दरवर्षी होतो. वारकऱ्यांच्या स्नानासाठी वरच्या धरणातून पाणी सोडावे अशी मागणी होते, ती मान्य होते, वाळवंट काही दिवस ओले होते. म्हणजे नदीने वाहिले पाहिजे, हे आपल्या समाजाला आणि शासनाला मान्य आहे. फक्त ते सणापुरते मान्य आहे. उरलेल्या दिवसांत ती कोणासाठी थांबलेली असते, हा प्रश्न वाळूतून परत येताना माझ्या मनात आला. तो विचारायला योग्य माणूस मला दुपारीच भेटला.

त्याआधी त्या धरणाविषयी थोडे सांगितले पाहिजे. पंढरपूरच्या वरच्या अंगाला माढा तालुक्यात भीमेवर उजनी धरण आहे. ते १९८० साली पूर्ण झाले. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यांतील ६३ टीएमसीच्या आसपास ‘मृत साठा’ आहे. मृत साठा म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारे, एरवी हात न लावायचे पाणी. वापरायचे ते त्याच्या वरचे. पाणी त्या रेषेखाली उतरले की वर्तमानपत्रे धरणाचा साठा ‘उणे’ इतके टक्के असा छापतात. त्या उन्हाळ्यात तो आकडा उणे पन्नासच्याही खाली गेला. आदल्या वर्षी पावसाने ओढ दिल्याने धरण मुळी पूर्ण भरलेच नव्हते. जलाशयाच्या पोटात बुडालेले पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडले होते आणि लोक सहलीला जाऊन त्याचे फोटो काढीत होते. शेतकऱ्याच्या घरात पेरणीचे बियाणे दळून खायची वेळ आली की तिला काय म्हणतात, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. आपण तिला ‘उणे’ असे सभ्य गणिती नाव दिले आहे.

ज्यांना मी प्रश्न विचारला ते माझ्या सहकाऱ्याचे थोरले बंधू. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही म्हणतो. भीमेच्या काठी त्यांची अकरा एकर शेती आहे, आणि त्यांपैकी सात एकर ऊस. जेवणानंतर ते मला शेतावर घेऊन गेले. ऊस पिवळा पडला होता. मी शिक्षकी पेशाच्या सवयीने सांगायला सुरुवात केली: सोलापूर जिल्ह्यात वर्षाला पाऊस पडतो सरासरी ५०० ते ६०० मिलिमीटर, उसाची तहान त्याच्या चौपट, २,००० ते २,५०० मिलिमीटरची. राज्यातील लागवडीखालच्या जमिनीपैकी पाच-सहा टक्क्यांवर ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वाटा तो पितो. आणि अशा या दुष्काळी जिल्ह्यात साखर कारखाने तीसहून अधिक.

तात्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, ऊस पाणी पितो हे सांगायला मला बाहेरचा माणूस कशाला पाहिजे? त्याला पाणी मीच पाजतो की. पण ज्वारीचा भाव मला कधी कळतो? काढणी झाल्यावर. डाळिंब लावलं होतं, तेल्या रोगानं बाग उपटावी लागली. कांद्याचं तर विचारूच नका. ऊस गारपिटीत आडवा झाला तरी मरत नाही, चोर तो नेत नाही, आणि कारखाना उशिरा का होईना पैसे देतो. सोसायटी कर्ज देताना पहिलं विचारती, ऊस किती?”

मी म्हटले, निदान दोन एकर तरी कमी करता येईल. त्यावर ते जे बोलले ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. “मी एकट्यानं ऊस मोडला तर पाणी नदीत राहत नाही, सर. ते शेजाऱ्याच्या उसाला जातं.”

पर्यावरणाची नीतिकथा आपण आजवर ज्या रीतीने सांगत आलो, ती या एका वाक्यापुढे अपुरी पडते असे मला वाटते. आपल्या व्याख्यानांतून, शाळांच्या भिंतींवरील घोषवाक्यांतून आणि, खरे सांगायचे तर, आपल्या प्रवचनांतूनही हा विषय वैयक्तिक सद्गुणाचा म्हणून येतो. नळ बंद करा, कापडी पिशवी वापरा, गरजा कमी करा. यातले काहीही चुकीचे नाही. पण माझ्या संयमाने वाचलेली वस्तू ज्या व्यवस्थेत आपोआप दुसऱ्याच्या हावेला मिळते, त्या व्यवस्थेत संयमी माणूस संत ठरत नाही, तो फक्त नुकसानीत जातो. त्याच्या मुलांची फी थकते. अशा माणसाला ‘तू पुरे म्हण’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? ज्याचा पगार किंवा निवृत्तिवेतन पहिल्या तारखेला बँकेत जमा होते, त्याला तर नक्कीच नाही. त्या बांधावर उभे असताना मला माझ्या निवृत्तिवेतनाची लाज वाटली नाही, पण आठवण मात्र झाली.

उसाला खलनायक ठरवणेही फार सोपे आहे. इतिहास तसा नाही. १८७५ साली याच भीमेच्या खोऱ्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९५० साली, विठ्ठलराव विखे पाटील यांनी धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा शेतकरी प्रथमच आपल्या मालाचा आणि भट्टीचा एकदम मालक झाला. कारखान्यांमागून शाळा आल्या, रस्ते आले, दवाखाने आले. पंढरपूरच्या परिसरातील कारखान्यांना ‘श्री विठ्ठल’, ‘पांडुरंग’ अशी नावे आहेत. बाहेरच्याला त्यात विनोद वाटेल. मला त्यात कृतज्ञता दिसली. ज्याने काल सोडवले तेच आज बांधू लागले आहे, अशी ही गोष्ट आहे. अन्यायाला सोडणे कठीण असते, पण आपल्या मुक्तिदात्याला सोडणे त्याहून कठीण. शाश्वत अर्थव्यवस्थेकडे वळणे म्हणजे काय, हे भाषणात सोपे आणि शेतात इतके अवघड का, त्याचे एक कारण येथे आहे.

आणि कोणी सांगितले नव्हते असेही नाही. डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ सालीच आपल्या अहवालात तुटीच्या खोऱ्यांतील ऊस आणि कारखान्यांना आवर घालण्याची शिफारस केली होती. २०१७ साली राज्य शासनाने उसाला ठिबक सिंचन सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. तात्यांच्या शिवारात मला ठिबकच्या नळ्या दोन ठिकाणी दिसल्या. एका ठिकाणी त्या गुंडाळून झाडाला टांगलेल्या होत्या.

आता तर उसाला नवे, हिरवे नाव मिळाले आहे. त्यापासून इथेनॉल होते, ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते, आणि २०२५ साली देशाने २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले. परकीय चलन वाचते, धूर कमी होतो, शेतकऱ्याला पैसे लवकर मिळतात. हे सर्व खरे. परंतु नीती आयोगाच्याच २०२१ सालच्या अहवालात, उसापासून एक लिटर इथेनॉल करण्यामागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्च होते असा हिशेब आहे. तहानलेल्या भीमेचे पाणी मोटारीच्या टाकीत ओतून आपण त्याला पर्यावरणपूरक म्हणतो. डिसेंबर २०२३ मध्ये, पाऊस कमी झाला तेव्हा, केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले, ते मात्र साखर कमी पडू नये म्हणून. नदीचा विचार त्यात नव्हता. दुकानाची पाटी बदलली म्हणजे वजनकाटा बदलतो असे नाही.

मग करायचे काय? या प्रश्नाशी मी त्या प्रवासात बराच झगडलो. काहीसा प्रकाश मिळाला तो अनपेक्षित ठिकाणी. परतीच्या वाटेवर आम्ही मंगळवेढ्याला गेलो. पंढरपुराहून ते तासाभराच्या आतले गाव. तेथील काळ्या जमिनीत कोरडवाहू रब्बी ज्वारी पिकते. नुसत्या दवावर आणि ओलीवर येणारी, मोत्यासारख्या दाण्याची. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच गावी दामाजीपंतांचे स्मारक आहे. दामाजीची कथा महाराष्ट्रातील लहान मुलालाही ठाऊक असते: तो बेदरच्या बादशहाचा अधिकारी, दुष्काळात माणसे मरू लागली तेव्हा त्याने सरकारी धान्यकोठार उघडून लुटवले, बादशहाचा कोप झाला, आणि खुद्द विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली.

ही कथा मी शाळेत कितीदा तरी शिकवली असेल. दयेची कथा म्हणून शिकवली. त्या दिवशी प्रथमच तिच्यातील हिशेब माझ्या ध्यानात आला. दामाजीने स्वतःचे धान्य वाटले नव्हते, दुसऱ्याचे वाटले होते. त्यामुळे दयेच्या पाठोपाठ देणे उभे राहिले. आणि कथेत देवाने ते देणे माफ करवले नाही. त्याला ते सहज शक्य होते. बादशहाची बुद्धी पालटायला कितीसा वेळ? त्याने ते भरले. भक्तिकथेनेसुद्धा असे धरले आहे की चांगल्या कृत्याची किंमत असते आणि ती कोणीतरी मोजावी लागते. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. किंमत मोजायला देव आला तो गावकुसाबाहेरच्या माणसाच्या रूपाने. कथेत ती त्याची निवड होती. आपल्या समाजाने मात्र तो नियमच करून टाकला आहे: कोणतेही मोठे परिवर्तन असो, पैसे भरायला सगळ्यांत खालच्या माणसाला पुढे करायचे.

धरण झाले तेव्हा त्याने गाव दिले. ऊस आला तेव्हा बीडकडच्या बालाघाटातून कोयता घेऊन तो आला, पाचटाच्या खोपीत राहिला, त्याच्या बाईने पहाटे तीनला उठून मोळ्या वाहिल्या. आता काही ठिकाणी तोडणीची यंत्रे येत आहेत. उद्या पाण्यासाठी ऊस कमी करायचे ठरले, तर सर्वांत आधी ज्याचे काम जाईल तो हाच, आणि ज्या परिषदेत हे ठरेल तिच्यात त्याला खुर्ची नसेल. पर्यावरणाचे रक्षण अशा रीतीने झाले तर नदी कदाचित वाचेल. न्याय झाला असे मात्र मी म्हणणार नाही.

‘पुरे’ हा शब्द सर्वांनी एकत्र म्हणण्याचा एक प्रयोग आपल्याच राज्यात झालेला आहे, तोही भीमेच्याच खोऱ्यात. पुरंदर तालुक्याचे पाणी कऱ्हा नदी घेते, कऱ्हा नीरेला मिळते, नीरा नृसिंहपूरला भीमेला, आणि भीमा पंढरीला येते. या तालुक्यातील नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे या पुण्याच्या अभियंता-उद्योजकाने पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम थोडे आणि कडक होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, घरातील माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा.

या नियमांत धर्मोपदेश कोठेही नाही. तरीही मला ते वाचताना निर्गमातील मान्न्याची कथा आठवते: रानात रोज सकाळी पडणारे अन्न, ज्याने त्याने घरातील माणसे मोजून उचलायचे, अधिक उचलणाऱ्याजवळ काही उरले नाही, कमी उचलणाऱ्याला काही उणे पडले नाही, आणि उद्यासाठी साठवलेल्याला किडे पडले. ती कथा आपण देवाच्या औदार्याची म्हणून ऐकतो. ती वाटपाच्या शिस्तीचीही आहे. नायगावात तात्यांचे वाक्य खरे ठरले नसते. तेथे एकाने न वापरलेले पाणी शेजाऱ्याच्या उसाला जात नव्हते, कारण शेजाऱ्याला ऊस लावता येतच नव्हता. सद्गुणी माणसाला नुकसानीतून वाचवणारा नियम. एवढेच ते होते, आणि एवढेच फार होते.

परंतु हा प्रयोग सर्वत्र पसरला नाही, हेही सांगितले पाहिजे. साळुंखे २००२ साली गेले. पाणी पंचायतीच्या योजना काही गावांत टिकल्या, बऱ्याच ठिकाणी ढेपाळल्या. माझ्या समजुतीप्रमाणे याचे कारण लोकांचा लोभ एवढेच नाही. जेथे पाणी नव्हतेच तेथे वाटून घेण्यात सर्वांचा लाभ होता. कालव्याच्या काठी, जेथे पाणी आयते येऊन पडते, तेथे वाटून घेणे म्हणजे हातातले सोडणे. तुटपुंज्यात समता साधते, मुबलकतेत ती अवघड होते. शिवाय नायगावकरांना आपल्या ज्वारीला, कडधान्याला भाव कोणी बांधून दिला नव्हता. पलीकडच्या तालुक्यात उसाचा भाव बांधलेला होता. नियमाच्या बळावर माणूस किती वर्षे शेजाऱ्याच्या बंगल्याकडे न पाहता राहील?

जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा यांचे नाव आपल्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तंजावरचे ख्रिस्ती, विलायतेत शिकलेले हिशेबनीस, पुढे गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कार्यात आयुष्य घातलेले. ‘शाश्वत विकास’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता तेव्हा, १९४५ साली, त्यांचे शाश्वततेच्या अर्थशास्त्रावरील पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्यांनी तुरुंगात लिहिले होते. त्यात ते जीवनाच्या अर्थव्यवहाराचे पाच प्रकार सांगतात: दुसऱ्याला मारून जगणारा वाघ, दुसऱ्याच्या बागेवर डल्ला मारणारे माकड, स्वतःचे घरटे बांधणारा पक्षी, पोळ्यासाठी खपणारी मधमाशी, आणि मोबदल्याची अपेक्षा न ठेवता पिलाला भरवणारी पक्षीण. मला त्यांतला चौथा प्रकार महत्त्वाचा वाटतो. पाचव्याची अपेक्षा आपण समाजाकडून करू शकत नाही. ती आईकडून करावी. मात्र मधमाशी त्यागमूर्ती नसते. ती पोळ्यासाठी राबते कारण पोळे तिला सांभाळते. तात्यांना उसाशी बांधून ठेवणारे जे पोळे आहे, म्हणजे सोसायटीचे कर्ज, बांधलेला भाव, ठरलेले गिऱ्हाईक, तसेच पोळे ज्वारीभोवती, करडईभोवती बांधायला कोणाची हरकत आहे? कारखान्यांभोवती समाजाने जी बुद्धी, पैसा आणि राजकीय इच्छाशक्ती सत्तर वर्षे ओतली, तिचा दहावा हिस्सा तरी इकडे वळवावा लागेल. तो पैसा कोठून यायचा? येथे प्रश्न तात्यांच्या बांधावरून उठतो आणि आपल्या अंगणात येऊन बसतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर टाटांची जी धरणे आहेत ती भीमेच्या खोऱ्यात आहेत. त्यांतील पाणी पूर्वेकडे पंढरपूरला जाण्याऐवजी बोगद्यांतून पश्चिमेला घाटाखाली सोडले जाते आणि त्यावर वीज होते. खोपोलीला १९१५ पासून, भिवपुरीला १९२२ पासून. मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला तो याच मालिकेतील धरणाविरुद्ध. वर्षाला सुमारे ४२ टीएमसी पाणी असे वळते. मुंबईचे कारखाने, लोकलगाड्या, दिवे त्यावर चालले. आंध्रा नदी इंद्रायणीची उपनदी, म्हणजे देहू-आळंदीच्या वाटेने पंढरीला जाणारे तिचे पाणी. ते ठोकरवाडीला अडते, भिवपुरीला वीज देते आणि उल्हास नदीत पडते. उल्हास बदलापूर-कल्याणची तहान भागवून शेवटी वसईच्या खाडीत समुद्राला मिळते. चंद्रभागेच्या वाळवंटात जे नव्हते, त्यातले थोडे आपल्या खाडीच्या पुलाखालून रोज जाते. आणि वसई-विरारच्या नळाला येणारे सूर्या प्रकल्पाचे पाणी मुळात पालघर-डहाणूकडच्या शेतकऱ्यांच्या, त्यांत बहुसंख्य आदिवासींच्या, सिंचनासाठी अडवले होते, हे आपण किती वेळा आठवतो?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणीय ऋण ही कल्पना मांडली. ज्यांनी अधिक वापरले त्यांनी आता आपली वाढ थोडी आवरावी, म्हणजे इतरांना निकोप वाढता येईल, असे ते सुचवतात. आपण हे वाचताना युरोप-अमेरिकेचा विचार करतो. ऋणकोच्या यादीत आपले नाव शोधणे आपल्याला सुचत नाही.

मलाही सुचले नसते. वडिलांची वाडी होती, तिच्यात एक बावखल होते. पावसाचे पाणी त्यात मुरायचे, त्यावर केळी आणि पानवेल जगायची. नव्वदीच्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन पेटले, तेव्हा मी मोर्चात चाललो आहे, घोषणा दिल्या आहेत. पुढे काही वर्षांनी ती वाडी मी विकली. बावखल बुजवूनच खरेदीखत झाले. गिऱ्हाईकाची तशी अट होती. मुलीच्या शिक्षणाचा खर्च होता हे खरे. पण मनाला जे कारण दिले ते वेगळे होते. दोन्ही बाजूंच्या वाड्या आधीच गेल्या होत्या. माझे एकट्याचे बावखल राखून विहिरींचे पाणी थोडेच गोडे राहणार होते? ते मुरलेले पाणी शेजारच्या इमारतीच्या बोअरलाच गेले असते.

तात्यांच्या बांधावर त्यांचे वाक्य ऐकताना ते कोठेतरी ऐकल्यासारखे वाटत होते. कोठे, ते घरी येऊन वहीत लिहिताना कळले.

म्हणून ‘पुरे’ कोणी म्हणायचे, याचे उत्तर मी आता तात्यांकडे मागत नाही. ज्याला ‘पुरे’ म्हटल्यावरही काही उरते, त्याने ते आधी म्हणायचे, असे मला वाटते. त्याच्या म्हणण्याचा पैसा व्हायला हवा, नियम व्हायला हवा. विजेच्या बिलात, पाण्याच्या दरात, पेट्रोलच्या किमतीत तो दिसायला हवा, आणि तो भीमाकाठच्या ज्वारीच्या भावापर्यंत, कोयता ठेवून घरी बसलेल्या बाईच्या चुलीपर्यंत पोहोचायला हवा. यासाठी मत मागणारा उमेदवार मी अजून पाहिलेला नाही. पाहिला असता तर त्याला मी मत दिले असते का, याचीही खात्री मला पूर्वी वाटत होती तितकी आता वाटत नाही.

पुण्याहून सोलापूरकडे येताना नदीचे आणखी एक रूप दिसते, ते सांगायचे राहिले. शहरांना पिण्यासाठी नदीतून पाणी सोडले की वाटेत कोणी ते उपसू नये म्हणून काठावरील शेतीपंपांची वीज तोडतात. तात्या म्हणाले, पाणी डोळ्यांसमोरून जाते, रात्रभर त्याचा आवाज येतो, आणि ऊस उभ्याने वाळतो. “राग येतो का?” मी विचारले. “सोलापुरातबी माणसंच राहतात की,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “पण तिथं बागेतलं कारंजं चालू असलं म्हणजे येतो.”

त्या वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीस उजनी भरले आणि चंद्रभागेला पूर आला. पुंडलिकाचे मंदिर पाण्यात गेल्याचे चित्र वर्तमानपत्रात पाहून मी तात्यांना फोन केला. ते आनंदात होते. ऊस पुन्हा धरला होता. आमचे बोलणे झाले त्याच्या नंतरच्या महिन्यात त्यांनी दोन एकर रब्बीच्या ज्वारीसाठी मोकळे ठेवले होते. धाकट्या भावाने मला ते मुद्दाम कळवलेही होते. मी चाचरत विचारले, “आणि ती दोन एकरांची ज्वारी, तात्या?”

पलीकडे जरा वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, “एक ठेवलाय, सर. शेजारचे हसतात.”